धुतलेली मुळं

रोपं मरणार आहेत, हे मला तीन दिवसांपासून माहीत होतं. आईला माझ्याही आधी कळलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त बाबांना, आणि करडीवरून रोपं न्यायला येणाऱ्या माणसाला. तो बुधवारी सकाळी येणार होता. सोमवारी संध्याकाळी मी हिरव्या जाळीखाली उकिडवी बसले होते, समोर झेंडूच्या रोपांचे ट्रे होते, आणि डोक्यात एकच गोष्ट होती. बुधवारपर्यंत ही हिरवी राहतील का? फक्त बुधवारपर्यंत. गाडीत चढली की सुटलो. पुढं त्याच्या शेतात जाऊन मरायची तर मरोत.

असं मी ठरवलं होतं. आज लिहिताना लाज वाटते. पण ठरवलं होतं हे खरं आहे, म्हणून आधी तेच लिहिलं.

आमचं गाव सानगडीपासून जवळ. घरची धानाची शेती. चार बांध्या बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या खाली, आणि एक लहान बांधी घराला लागून. बांधी म्हणजे चहूबाजूंनी मातीचा धुरा घातलेला शेताचा तुकडा, पावसाचं पाणी आत अडवून ठेवणारा. आमच्याकडे श्रावणात ज्याच्या बांधीत पाणी उभं, त्याची मान ताठ. पाणी कोणाच्या बांधीतून कोणाच्या बांधीत गेलं यावरून सख्खे भाऊ वर्षवर्ष बोलत नाहीत. हे सांगायचं कारण पुढं कळेल.

आईचा नाद फुलांचा. तिला कोणी शिकवलं नाही. ती दुसरीपर्यंत शाळेत गेली आणि मग धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जायला लागली. पण आमचं अंगण कधी रिकामं नव्हतं. तेलाचे डबे, फुटकी घमेली, बुड गेलेली बादली, माझं शाळेचं तुटलेलं कंपासपेटीचं खोकंसुद्धा, सगळ्यांत काही ना काही लावलेलं. शेवंती, मोगरा, गुलाब, झेंडूच्या दोन जाती, जास्वंद. गावातल्या बाया यायच्या. "काय वो बाई, तुमची पिवळी शेवंती मले द्या ना एक." आई कोणाला नाही म्हणायची नाही. अट एकच, भांडं स्वतःचं आणायचं. भांडं बरोबर आणलं म्हणजे या बाईला खरंच झाड लावायचं आहे, असं तिचं मत.

मी आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी अभिमानानं सांगते आणि सांगायला लाजत नाही. साकोलीला जाऊन-येऊन बीएस्सी केलं, वनस्पतिशास्त्र घेऊन. पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलं. चौकात कोणी विचारलं तर ते सांगायचे, "आमची पोरगी झाडाचं शिकली. झाडाकडं पाह्यलं का सांगते, काय दुखते त्याचं."

कॉलेजला जाताना बसच्या खिडकीतून रस्त्यालगत एक नर्सरी दिसायची. काळ्या पिशव्यांत तोच मोगरा, तीच शेवंती, जी आई फुकट वाटत होती. गाड्या थांबवून लोक विकत घ्यायचे. तीन वर्षं मी ते पाहिलं. पदवीनंतर एक वर्ष नोकरीचे अर्ज भरण्यात गेलं. मग एके दिवशी आईचे वीस डबे पिशव्यांत काढले आणि सानगडीच्या बाजारात जाऊन बसले. आईलाही ओढत नेलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं. आईनं लाल गुलाबाची पिशवी उचलून त्या बाईच्या हातात दिली आणि वर पदर सारखा करत म्हणाली, "न्या बाई, सांभाळून न्या." पैसे मागितलेच नाहीत. बाई गेल्यावर मी भडकले.

"आई, आपण विकाले आलो ना इथं?"

"हाव. मंग?"

"मंग फुकट कायले देलं?"

"थे आपल्या शेजारणीच्या नणंदेची जाऊ होय. तिले कशी विकू?"

दुसऱ्या बाजाराला मी तिला मागं बसवलं आणि पुढं मी बसले. तिथूनच बहुतेक चूक सुरू झाली. त्या दिवसापासून फुलं तिची राहिली आणि धंदा माझा झाला. पाणी घालायला ती, ठरवायला मी.

बाबांची अडचण वेगळी होती. त्यांना रोप विकणं ही गोष्टच पटत नव्हती. "पऱ्हे कोणी विकते का?" एवढं एकच वाक्य ते बोलायचे. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. रोवण्याच्या वेळी कोणाचे पऱ्हे कमी पडले तर ज्याच्याकडे उरले तो देतो, त्याचं काही घेत नाही. पुढच्या वर्षी कोणाला कमी पडतील सांगता येत नाही, म्हणून. पण देण्याची एक पद्धत आहे. देणारा एक जुडी उपटतो, बांधीच्या पाण्यात दोनदा हलवून मुळं धुतो आणि घेणाऱ्यापुढं धरतो. मुळं पांढरी असली की घेणारा मान हलवतो. नसली तर देणारा स्वतःच म्हणतो, हे नोको. बोलणं एवढंच. माझ्या बाबांनी आयुष्यात मुळं दाखवल्याशिवाय कोणाला पऱ्हे दिले नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी त्या बुधवारी माझ्या लक्षात आलं नाही.

शेवटी बाबांनी घराजवळची लहान बांधी मला दिली. दिली म्हणजे एका शर्तीवर. जेवताना, ताटाकडं पाहत ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुही. पयलं काम जमलं त पुढं कर. नाही जमलं त त्या बांधीत धान लागन, आन या घरात फुलाचं नाव काढाचं नाही. कोणीच नाही."

'कोणीच' म्हणताना ते माझ्याकडं नाही, आईकडं पाहत होते. आई भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालला. तिचे डबेसुद्धा त्या शर्तीत आले होते, हे तिला कळलं आणि मलाही.

पहिलं काम करडीच्या माणसाचं. तो आमच्या गावात लग्नाला आला होता. मांडवाला आईच्या झेंडूची तोरणं लावलेली. त्यानं विचारत विचारत घर गाठलं. त्याच्याकडे उंचावरची जमीन होती, धानाचं पाणी टिकत नाही अशी, आणि तिथं त्याला दसऱ्यासाठी झेंडू लावायचा होता. दहा-बारा दिवसांनी तो बियांची पाकिटं घेऊन आला. दुकानातली, चकचकीत, वर मोठ्या फुलाचं चित्र.

"बी माझं, मेहनत तुमची," तो म्हणाला. "मॅडम शिकलेल्या हायेत म्हणून देऊन राहिलो. नाही त मी कोणावर बी सोडत नाही."

'मॅडम' म्हणाल्यावर मी दोन इंच उंच झाले.

ट्रे भरायला माती कुठली घ्यायची, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. धानवाल्या घरात तो येतच नाही. उन्हाळ्यात बोडी आटली की तळाचा काळा गाळ काढून बांधीत टाकतात. त्याच्याइतकी चांगली माती जगात नाही, असं आम्ही मानतो, आणि धानासाठी ते खरंही आहे. बाबांनी बैलबंडीनं गाळ आणून दिला होता. मी आणि आई ट्रे भरायला बसलो. आईनं एक मूठ उचलली, दाबली, परत सोडली.

"हे माती फुलाले जड होते," ती म्हणाली. "मी त राईस मिलचा जळका कोंडा टाकतो, थोडी रेती..."

आमच्याकडच्या बायका 'टाकतो', 'जातो' असंच बोलतात. कॉलेजात मी ते मुद्दाम सोडलं होतं.

"आई, गाळात सगळी अन्नद्रव्यं असतात," मी म्हणाले. "कोंड्यात काय असते? राख."

"असन बापा," ती म्हणाली आणि ट्रे भरायला लागली.

दुसरी गोष्ट पाण्याची. बांधीत मांडव उभा केला, वर हिरवी जाळी, खाली ट्रे. पाऊस सुरू झाला तसं बांधीत घोट्याएवढं पाणी साचलं. ट्रेखाली विटा होत्या, पण पाणी विटांच्या वरपर्यंत आलं. आई एकदा बाबांना म्हणाली, "अवो, थोडं पाणी काढून टाका ना तिथलं." बाबा हसले. असं हसले की पुढं बोलायची सोय नाही. "पाणी काढून टाकाले बांधी कायले म्हणतात मंग?" मीही हसले. रोपांना पाणीच तर पाहिजे.

बारा-तेरा दिवस सगळं छान होतं. मी मोबाइलवर फोटो काढत होते. मग आठ दिवस झड लागली. सूर्य नाही, वारा नाही, फक्त पाणी. एका सकाळी कोपऱ्यातल्या ट्रेमधली चार रोपं आडवी पडलेली दिसली. बोट लावलं तर जमिनीलगतची मान दोऱ्यासारखी बारीक, तपकिरी. दुसऱ्या दिवशी तीस. मग मोजलं नाही.

या रोगाचं नाव मला पाठ होतं. प्रॅक्टिकलच्या वहीत मी त्या बुरशीची आकृती काढली होती, नावं दिली होती, मॅडमनी 'सुंदर' असा शेरा मारला होता. कागदावर ओळखता येत होतं. ट्रेमध्ये ओळखायला चार दिवस लागले. सानगडीहून औषध आणून मारलं. पण खाली पाणी उभं आणि वर गाळ विटेसारखा घट्ट, औषध करणार काय? एक रोप उपटून पाहिलं. माती लाडूसारखी निघाली. आतलं मूळ पिवळट, चिकट, बोटात धरलं तर साल सुटून हातात आली. वरची पानं मात्र अजून हिरवी होती. तीच माझी आशा होती, आणि तेच माझं पाप.

रोवण्याचे दिवस. बाबा सकाळी जायचे ते संध्याकाळी मांडीपर्यंत चिखल घेऊन यायचे. फाटकातूनच विचारायचे, "कसे हायेत आपले पऱ्हे?"

"चांगले आहेत, बाबा."

दुरून चांगलेच दिसत होते. ते यायच्या आधी मी मेलेली रोपं उपटून बोडीच्या काठावर फेकून यायची. शेवटच्या ट्रेमधली जिवंत रोपं पुढच्या ट्रेच्या रिकाम्या भोकांत दाबायची. पुढच्या रांगा भरगच्च ठेवायच्या. जाळीखाली बसून हे करताना पाठीमागं कोणी उभं आहे असं सारखं वाटायचं. वळून पाहिलं की कोणी नसायचं. मंगळवारी वळून पाहिलं तर आई होती.

"सांगून टाक तुह्या बाबाले," ती म्हणाली.

"सांगितलं त बांधी जाईन."

"जाईन त जाईन."

"आन तुहे डबे? तेही जातीन. बाबा बोलले त बोलले, तुले माहीत आहे."

तिनं वाकून एक आडवं रोप उचललं, त्याच्या मानेवरून बोट फिरवलं.

"मी आजपर्यंत कोणाले मेली फांदी नाही देली," ती म्हणाली.

"तू फुकट देत होती आई. हे वेगळं आहे."

"वेगळं कसं?"

 मी ट्रे सरकवत राहिले. ती निघून गेली. घराच्या मागच्या बाजूला तिच्या घमेल्यांशी काहीतरी खुडखुड करत बसली. मला वाटलं, रुसली.

बुधवारी पाऊस उघडला होता. बाबा रोवण्याला गेले नाहीत. त्यांनी धुतलेला सदरा घातला, अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. आमच्या घरी कोणी माल न्यायला येण्याची ती पहिली वेळ होती. मला त्यांच्याकडं पाहवत नव्हतं.

नऊ वाजता पिकअप आली. करडीचा माणूस उतरला, सोबत फक्त चालवणारा. रामराम झाला, चहा झाला. जाळीकडं पाहून तो म्हणाला, "वा, हिरवीगार हायेत की मॅडम!"

"हो, आता लवकर भरून घेऊ, ऊन वाढेल," मी म्हणाले. आवाज बरा निघाला. मी पाण्यातून जाऊन पहिले दोन ट्रे उचलून आणले. गाडीच्या फाळक्यापर्यंत पोचलेच होते.

"थांब," बाबा म्हणाले. "मूळ त दाखवू दे त्यायले."

माझ्या हातात ट्रे होते. बाबा विहिरीजवळची पाण्याची बादली घेऊन येत होते, अगदी सावकाश, जसे रोवण्याच्या दिवसात धुऱ्यावरून चालतात तसे. मी म्हणाले, "बाबा, याची मुळं अशी धुवायची नसतात. नाजूक असतात. तुटतील."

"एक तुटलं त तुटलं."

"बाबा, उशीर होतो."

"अरे, मूळ न पाहता नेईन का माणूस?" ते त्या माणसाकडं पाहून हसले. तोही हसला, म्हणाला, "बराबर हाय काकाजी." धानवालाच होता तोही.

बाबांनी माझ्या हातातल्या ट्रेमधून एक रोप काढलं. मधलं, चांगलं उंच. मातीचा लाडू तसाच निघाला. बादलीत बुडवून हलवलं. एकदा. दोनदा. माती सुटली, पाणी काळं झालं. त्यांनी हात वर काढला आणि न बघताच त्या माणसापुढं धरला. आयुष्यभर धरत आले तसा. त्या माणसानं मान हलवली नाही.

मग बाबांनी पाहिलं.

मुळाच्या जागी ओल्या सुतळीचा तुकडा असावा तसं काहीतरी लोंबत होतं. बाबांनी ते रोप बादलीच्या काठावर ठेवलं. दुसरं काढलं. धुतलं. ठेवलं. तिसरं काढलं. चौथं त्यांनी दुसऱ्या ट्रेमधून काढलं.  जाळीवरून पाण्याचे थेंब बांधीत पडत होते, त्यांचा आवाज येत होता.

"तुले माहीत होतं?" बाबांनी मला विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. रोग आहे, एका दिवसात येतो, काल नव्हता. ते शिकलेले नव्हते, मी शिकलेली होते, माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला असता. हेच मला सहन झालं नाही.

"हो," मी म्हणाले. "चार-पाच दिवसांपासून."

करडीच्या माणसाचा आवाज चढला. "म्हणजे माह्या गाडीत भरून देत होत्या तुमी? माह्यावाल्या बियाचं मढं मलेच बांधून देत होत्या? शिकलेल्या म्हणून देलं ना जी मी! दसरा काय माह्यासाठी थांबून राहणार हाय?"

मी मान खाली घातली. बाबांनी माझ्या हातातले ट्रे घेतले, जमिनीवर ठेवले आणि गाडी आणि ट्रे यांच्या मध्ये उभे राहिले.

"हे मी देत नाही जी," ते म्हणाले. "तुमी आमाले बोला, काय बोलाचं थे बोला. पण हे नाही देत."

"देऊन करता काय, हायेच काय देण्यासारखं!" तो फाळका लावायला वळला.

तेव्हा आई घरामागून आली. डोक्यावर पदर, दोन्ही हातांत एक घमेलं. परक्या माणसाशी ती कधी बोलत नाही. तिनं घमेलं बादलीजवळ ठेवलं, खाली बसली, बोटांनी एक रोप अलगद वर घेतलं, माती भुसभुशीत होती, आपोआप सुटली. तरी तिनं ते बादलीत हलवलं आणि वर धरलं. नवऱ्यापुढं नाही, माझ्यापुढं नाही, त्या माणसापुढं.

पांढरीशुभ्र मुळं. विंचरलेल्या केसांसारखी. त्यांत जळक्या कोंड्याचे काळे कण अडकलेले.

तो वळला. वाकला. "हे कोठलं?"

"तुमचंच बी होय," आई म्हणाली. "ट्रे भरताना खाली सांडलं होतं. थे येचलं."

"किती हायेत?"

"दोन घमेले आन एक डबा."

तो कडवट हसला. "एवढे त माह्या धुऱ्याले बी पुरणार नाहीत बाई."

"दसऱ्याले नाही पुरत," आई म्हणाली. "दिवाळीले पुरतीन, भादव्यात नवे पऱ्हे देतो. माह्यापाशी बी हाय. मांगच्या दिवाळीच्या फुलाचं. लग्नात मांडवाले पायलं ना तुमी, थेच."

"गावठी?"

"हाव, गावठी. फूल लहान येते. पण झाड मरत नाही."

तो बराच वेळ ते रोप हातात फिरवत उभा राहिला. मग चालवणाऱ्याला म्हणाला, घमेली ठेव गाडीत. बसताना त्यानं बाबांना सांगितलं, "भादव्यात येतो काकाजी. घमेले तेव्हा वापस आणतो. पण मुळं या बाई दाखवतीन. मॅडम नाही."

तो भाद्रपदात आला, हे इथंच सांगून टाकते. आईनं मुळं दाखवली, त्यानं मान हलवली आणि घमेली परत केली. आज आमची नर्सरी आहे, मी आणि आई दोघी मिळून चालवतो, आणि फाटकाजवळ पाण्यानं भरलेली एक बादली असते. पण मला खरं सांगायचं आहे ते त्याच दिवशी दुपारचं. कारण तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्याला दिलेला शब्द आईचा होता. बांधी बाबांची होती. आणि पहिलं काम जमलं नव्हतं.

गाडी गेल्यावर बाबांनी सदरा काढून खुंटीला लावला. कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि बांधीकडं निघाले. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता मांडव उपटतील. आठ दिवसांत तिथं धान रोवून होईल, वेळ अजून गेली नव्हती. आई चुलीपुढं होती. ती बाहेर आली नाही, पण तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

बाबा मांडवाजवळ गेले नाहीत. उताराच्या बाजूला धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. तो धुरा त्यांनी स्वतः घातला होता, दरवर्षी थापून नीट करायचे. फावडं वर गेलं आणि धुऱ्यावर बसलं. मग पुन्हा. शेजारच्या बांधीत रोवणा चालला होता. तिथून एक म्हातारा ओरडला, "काय गा, येडा झाला का? श्रावणात पाणी सोडून राहिला!" रोवणाऱ्या बाया कमरेत वाकलेल्या होत्या, त्या सरळ झाल्या आणि पाहायला लागल्या. एक म्हणाली, "पोरीनं शिकवलं असन." सगळ्या हसल्या.

बाबांनी तिकडं पाहिलं नाही. पाचव्या-सहाव्या घावाला धुरा फुटला. आधी चिखलाची एक रेघ निघाली, मग पाणी वाट काढत खाली नाल्याकडं धावायला लागलं. आमचं पाणी. वरच्या पावसाचं, जपून ठेवलेलं. ते जाताना बाबा फावड्यावर हात ठेवून पाहत उभे होते आणि त्यांचा चेहरा कोणाला तरी गावाबाहेर पोचवायला आलेल्या माणसासारखा झाला होता.

ते परत आले तेव्हा मी दारातच होते. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "विचार तुह्या आईले, राईस मिलवरून कोंड्याचे किती पोते आणाचे."

"तुम्हीच विचारा ना, बाबा," मी म्हणाले. उद्धटपणानं नाही. मला तो अधिकार राहिला नव्हता म्हणून.

त्यांनी पायांवरचा चिखल उंबऱ्याला घासला. मग आत पाहत, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, त्यांनी आईला शेतीतली गोष्ट विचारली.

"किती आणू वो?"

आई चुलीत फुंकर घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी पाणी त पुरं जाऊ द्या."